अपडेट बंद केलेले तीस संगणक आणि विंडोज ७ वरचं एक मशीन

प्रश्न विचारणारे डॉक्टर नाशिकला पॅथॉलॉजी लॅब चालवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लॅब आणि कलेक्शन सेंटर मिळून तीसेक संगणक आहेत, जवळपास सगळे विंडोज १० वर. २०२१ मध्ये एका अपडेटनंतर प्रिंट दिली की निळी स्क्रीन येऊ लागली. नमुन्यांच्या ट्यूबवर लावायची बारकोड लेबलं निघेनात, सकाळचं सगळं काम अडलं. तेव्हापासून एएमसीवाल्याने, म्हणजे संगणकांच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेल्या माणसाने, सगळीकडे अपडेट बंद करून ठेवले आहेत. ॲनलायझरला, म्हणजे नमुने तपासणाऱ्या मशीनला, जोडलेला एक पीसी अजून विंडोज ७ वर आहे आणि मशीनच्या कंपनीने बजावलंय की त्याला हात लावायचा नाही. "अँटिव्हायरस पैसे भरून घेतलेला आहे, राउटर आहे, ॲनलायझरच्या पीसीला तर इंटरनेटच नाही. मग अपडेटची खरंच गरज आहे, की उगाच भीती घालतात?"

डॉक्टर, आधी तुमच्या एएमसीवाल्याच्या बाजूने बोलतो. त्या दिवशी त्याने अपडेट थांबवले ते बरोबरच केलं. ती भानगड खरी होती आणि ती फक्त तुमच्याकडे झाली नव्हती. ९ मार्च २०२१ चा विंडोज १० चा मासिक अपडेट आणि काही कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्राम) यांचं जमलं नाही, प्रिंट दिली की संगणक कोसळायचा. मायक्रोसॉफ्टने १५ मार्चला घाईघाईने दुरुस्ती काढली. निळी स्क्रीन थांबली, पण काही ठिकाणी छापलेल्या कागदावरून बारकोड, क्यूआर कोड आणि लोगो गायब, किंवा त्यांच्या जागी काळे चौकोन! त्यावर १८ मार्चला आणखी एक दुरुस्ती आली. म्हणजे नऊ दिवस हा घोळ चालला, आणि ज्याचा धंदा बारकोडवर चालतो त्याने ते नऊ दिवस अपडेट रोखून धरणं हाच शहाणपणा होता.

घोटाळा दहाव्या दिवशी झाला. थांबवलेलं पुन्हा सुरू करायची तारीख कुणी ठरवलीच नव्हती.

आता गंमत बघा. त्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेत, एक मोठी त्रुटी उघड झाली. प्रिंटनाइटमेअर नावाने ती गाजली. स्पूलर सिस्टिमच्या सर्वोच्च अधिकाराने चालतो आणि नेटवर्कवरून आलेला प्रिंटर ड्रायव्हर बसवून घेतो. साध्या युजरचा लॉगिन हातात असलेला माणूस ड्रायव्हर म्हणून स्वतःचा प्रोग्राम त्याच्या गळी उतरवू शकत होता. मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न बघता ६ जुलैलाच पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारा अपडेट, काढला. तुमचे अपडेट मार्चमध्ये बंद झाले, त्यामुळे तो पॅच तुमच्याकडे आलेलाच नाही. ज्या छपाईसाठी अपडेट बंद केले, तिच्याच सेवेतली ही खिडकी तुमच्या तीस संगणकांवर तेव्हापासून उघडी आहे.

तुमच्याकडे नेमकी काय स्थिती आहे ते अर्ध्या मिनिटात कळेल. विंडोजचं बटण आणि आर दाबा, विनव्हर (winver) टाइप करा. छोटी खिडकी उघडेल, तिच्यात ओएस बिल्ड म्हणून एक आकडा असेल, मध्ये टिंब. टिंबाच्या डावीकडचा आकडा आवृत्ती सांगतो, उजवीकडचा दर महिन्याच्या अपडेटबरोबर वाढत जातो. २०२१ च्या मार्चमधल्या त्या बिघडलेल्या अपडेटचा बिल्ड होता १९०४२.८६७. तुमच्याकडे बहुधा तेवढाच किंवा त्याहून लहान आकडा दिसेल. विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर, २२एच२ वर, डावीकडे १९०४५ असतं आणि उजवीकडे चार आकडी संख्या. हा उजवीकडचा आकडा सगळ्या संगणकांवरून एका कागदावर उतरवून काढा. एएमसीवाल्याशी बोलताना हा कागद समोर असला की "सगळं अप-टू-डेट आहे साहेब" हे वाक्य तोंडातच राहतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, भीती घालतात का. काही विक्रेते घालतात, हे खरं. पण पॅच या प्रकाराची एक बाजू बाहेर फारशी सांगितली जात नाही. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच काढतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, अमेरिकेत हिवाळा असेल तर साडेअकरा. पॅच निघाला की तो सगळ्यांच्याच हातात पडतो. ज्यांना त्रुटीचा गैरफायदा घ्यायचा आहे ते पॅचच्या आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते शोधतात. हजारो फंक्शनमधली चार-दोनच बदललेली असतात. आदल्या दिवशीपर्यंत जी त्रुटी मोजक्या लोकांना ठाऊक होती, तिचा ठावठिकाणा त्या रात्रीपासून जगजाहीर होतो. ज्याने पॅच लावला तो सुटला. ज्याने नाही लावला त्याचा धोका आदल्या दिवसापेक्षा वाढला, त्याने स्वतः काहीच केलेलं नसताना. हे आजचं नाही. ब्लास्टर या वर्मचा, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामचा, पॅच १६ जुलै २००३ ला आला होता आणि वर्म ११ ऑगस्टला. कॉन्फिकरचा पॅच २३ ऑक्टोबर २००८ चा, वर्म पुढच्याच महिन्यात.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण २०१७ चं. तुमच्या विंडोज ७ च्या पीसीशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून जरा खोलात जातो.

विंडोजच्या फाइल शेअरिंगची पहिली आवृत्ती, एसएमबी १, फार जुनी. तिच्यात समोरचा संगणक फाइलच्या जादा गुणधर्मांची एक यादी पाठवू शकतो. यादी ओएस/२ या जुन्या सिस्टिमच्या मांडणीत येते आणि विंडोज तिला स्वतःच्या मांडणीत बदलून घेतं. यादीच्या डोक्यावर तिची एकूण लांबी ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत, लिहिलेली असते. शेवटच्या नोंदी गडबड निघाल्या तर विंडोजने नीट नोंदींपुरती लांबी कमी करून तिथे लिहायची, असा कोडचा हेतू. पण ही नवी लांबी लिहिणारी ओळ ३२ ऐवजी खालचे १६ बिटच लिहीत होती, वरचे १६ जसेच्या तसे राहत. समजा यादीवर लांबी लिहून आली ६५,५३६. या आकड्यात खालचे सोळाही बिट शून्य असतात, सगळी किंमत वरच्या अर्ध्यात. विंडोजने तपासलं, नीट नोंदी भरल्या ६५,३७३ बाइटच्या. खालच्या अर्ध्यात ६५,३७३ लिहिलं गेलं, वरच्या अर्ध्यातले ६५,५३६ तसेच राहिले. कमी व्हायच्या आकड्याचे झाले १,३०,९०९. मेमरी राखली गेली लहान आकड्याच्या हिशोबाने आणि नक्कल सुरू झाली मोठ्या आकड्याच्या हिशोबाने. जादा बाइट शेजारच्या मेमरीवर सांडले, आणि ही मेमरी कर्नलची, सिस्टिमच्या गाभ्याची. तिथे काय सांडायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात असेल तर तो संगणक त्याचाच झाला.

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे या त्रुटीवर चालणारं हत्यार होतं, इटर्नलब्लू. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० हा पॅच काढला. १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्स म्हणवणाऱ्या टोळीने ते हत्यार इंटरनेटवर फुकट टाकलं. १२ मे, शुक्रवारी, तेच हत्यार वापरणारा वॉनाक्राय हा वर्म सुटला. पॅच आणि वर्म यांच्यात ५९ दिवस होते.

त्यात कुणी मेल उघडण्याची, लिंकवर क्लिक करण्याची गरजच नव्हती. एक संगणक बाधित झाला की तो स्वतःच ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे फाइल शेअरिंगच्या दारावर, शेजाऱ्यांना चाचपत पुढे जायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि तीनशे डॉलरचे बिटकॉइन मागायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला मोठा फटका बसला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे २३६ पैकी किमान ८० ट्रस्ट (आरोग्यसेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) बाधित झाले, ६,९१२ अपॉइंटमेंट रद्द झाल्याची नोंद सापडली आणि खरा आकडा १९,००० च्या वर असावा असा अंदाज केला गेला. त्याच अहवालात आहे की बाधित यंत्रांतली बहुसंख्य विंडोज ७ वर होती, म्हणजे तेव्हा पॅच मिळत असलेल्या सिस्टिमवर. पॅच आलेला होता, लावलेला नव्हता. एक्सपीची मात्र त्या वेळी विनाकारण जास्त बदनामी झाली.

आता तुमच्या तीन भिंती घेऊ. अँटिव्हायरस मुख्यतः फाइल आणि प्रोग्राम तपासतो. वर सांगितलेला हल्ला कर्नलच्या मेमरीत, नेटवर्कवरून आलेल्या पाकिटातून होतो. पुढची पायरी म्हणून फाइल डिस्कवर आली तर अँटिव्हायरस पकडू शकेल, आणि पुष्कळांनी नंतर पकडलंही, पण तोवर हल्लेखोराकडे अँटिव्हायरसपेक्षा वरचा अधिकार असतो. राउटर बाहेरून येणारं ४४५ अडवतो हे खरं, त्याचा उपयोग आहेच. पण तुमच्या लॅबमध्ये कलेक्शन सेंटरचा लॅपटॉप येतो, कुणी घरून पेनड्राइव्ह आणतं, रिसेप्शनचा वायफाय पासवर्ड पेशंटच्या नातेवाइकांना दिलेला असतो. एकदा आत आलं की आतल्या आत राउटर कुणाला विचारत नाही.

तिसरी भिंत, "इंटरनेटच नाही", ही सगळ्यात फसवी. वॉनाक्राय कसा थांबला आठवतंय? त्याच्या कोडमध्ये एक निरर्थक अक्षरांचा वेबपत्ता होता. सुरू होताना तो त्या पत्त्याला हाक मारायचा आणि उत्तर आलं तर गप्प बसायचा. मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणाने दहा-अकरा डॉलरला तो पत्ता नोंदवला आणि जगभरातल्या बाधित संगणकांवर वर्म झोपला. मात्र ज्या संगणकांना थेट इंटरनेट नव्हतं, किंवा जे प्रॉक्सीमागे, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरमागे, होते, त्यांची हाक तिथवर पोचलीच नाही. तिथे तो पसरतच राहिला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे कारखाने वॉनाक्रायच्याच एका प्रकाराने बंद पाडले. पॅच निघून सतरा महिने झाले होते. कुणी हॅकरने फोडलं नव्हतं. पुरवठादाराकडून आलेलं नवं यंत्र बसवताना ते न तपासता आतल्या नेटवर्कला जोडलं, आणि तिथली यंत्रं पॅच न लावलेल्या विंडोज ७ वर होती. त्या तिमाहीच्या उत्पन्नावर सुमारे ३ टक्के परिणाम होईल असा कंपनीनेच अंदाज दिला. तुमच्या ॲनलायझरचा सर्व्हिस इंजिनिअर लॅपटॉप घेऊन येतो तेव्हा हे आठवा. तो तुमच्याकडे येण्याआधी त्याच दिवशी आणखी दोन लॅबमध्ये जाऊन आलेला असतो.

इतकं सांगितल्यावर उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही त्या विक्रेत्यांच्याच पंक्तीला बसेन. पॅच लावला म्हणजे सुटलो असं नसतं. २७ जून २०१७ चा नॉटपेट्या हा वर्म आठवा. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष घालून तो पाठवला होता. म्हणजे अपडेट घेणारेच आधी सापडले! आत शिरल्यावर तो इटर्नलब्लू वापरायचा, पण त्याचबरोबर संगणकाच्या मेमरीतून ॲडमिनचे, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचे, पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर पुढच्या संगणकावर रीतसर लॉगिन करायचा. पॅच लावलेले संगणकही त्यामुळे गेले. मर्स्क या जहाज कंपनीला जवळपास सगळं नव्याने उभं करावं लागलं, तिच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलेले आकडे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी असे आहेत. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्कच्या समूहाकडे असलेलं टर्मिनलही त्यात ठप्प झालं होतं. युक्रेनच्या हिशोबनिसांसाठी रचलेलं हत्यार उरणपर्यंत पोचलं ते पासवर्ड आणि नेटवर्क यांच्या साखळीतून.

म्हणून तुमच्या तीसही संगणकांवर एकच लोकल ॲडमिन पासवर्ड असेल (आणि एएमसीवाल्याच्या सोयीसाठी तो असतोच, बहुतेक ठिकाणी मला तो ऐकण्याआधीच ओळखता येतो), तर तो बदलणं पॅचइतकंच निकडीचं आहे. प्रत्येकावर वेगळा पासवर्ड, वही कपाटात. रोजच्या कामाचा युजर ॲडमिन नसावा.

आता करायचं काय ते सांगतो.

अपडेट बंद ठेवू नका, ठरवून उशिरा घ्या. तुम्ही सकाळी पेशंटचे नमुने लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, लावता ना, तसं. तीसमधले दोन-तीन संगणक निवडा, त्यांतल्या एकाला बारकोड प्रिंटर जोडलेला असलाच पाहिजे आणि एकावर लॅबचं सॉफ्टवेअर चालत असलं पाहिजे. यांना दुसऱ्या मंगळवारनंतर लगेच अपडेट घेऊ द्या. बुधवारी सकाळी लेबल छापा, रिपोर्ट छापा, बिल काढा. आठवडाभर काही बोंब झाली नाही तर बाकीचे सोडा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत मासिक अपडेट ठरावीक दिवस लांबवायची सोय आहे, ३० दिवसांपर्यंत. तिथे सात लिहा. होम आवृत्तीत ही सोय नाही, फक्त पॉज आहे, पाच आठवड्यांपर्यंत. पॉज संपल्यावर साठलेले अपडेट घेतल्याशिवाय तो पुन्हा लावता येत नाही, आणि हे चांगलंच आहे. २०२१ चा तो नऊ दिवसांचा घोळ या पद्धतीने दोन संगणकांपुरता राहिला असता.

सात दिवसांच्या नियमाला अपवाद एकच. ज्या त्रुटीचा गैरवापर प्रत्यक्ष सुरू झालेला आहे तिच्यासाठी थांबायचं नाही, त्याच दिवशी दोन संगणकांवर बघायचं आणि संध्याकाळी सगळ्यांवर. हे ओळखायचं कसं? बातम्यांतल्या "अतिधोकादायक" या विशेषणावरून नाही, दर महिन्याला डझनभर त्रुटींना ते लागतं. अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी ठेवते, ती फुकट बघता येते. आपल्याकडची सर्ट-इन ही सरकारी संस्था सूचना काढते, तिच्या मेलना नाव नोंदवा. गांभीर्याचे दहापैकी दहा गुण मिळालेल्या पण कुणी वापरत नसलेल्या त्रुटीपेक्षा सात गुणांची वापरात असलेली त्रुटी मी आधी बुजवीन.

अपडेट घेतला म्हणजे लागला असंही नाही. रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू असतो. "आम्ही तर रोज रात्री बंद करतो" असं सगळेच सांगतात. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली अप टाइम दिसेल. रोज बंद होणाऱ्या संगणकावर तिथे तीस-चाळीस दिवस दिसले तर दचकू नका. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हणजे कर्नलची झोप, तो सकाळी जिथे होता तिथूनच उठतो. रीस्टार्ट केलं तरच तो नव्याने सुरू होतो. आठवड्यातून एकदा, शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर, प्रत्येक संगणक रीस्टार्ट करून मग बंद करायची सवय लावा. सॉफ्टवेअरवाल्याने तुमच्याकडे लिनक्सचा सर्व्हर बसवला असेल तर तिथेही तेच, कर्नलचा अपडेट रीस्टार्टवाचून बहुधा अंगी लागत नाही. आणि लिनक्स आहे म्हणून निश्चिंत राहू नका. डर्टी काऊ नावाची त्रुटी त्याच्या कर्नलमध्ये २००७ पासून बसून होती, दुरुस्त झाली २०१६ मध्ये.

सगळं सुरू करण्याआधी बॅकअप. लॅबच्या डेटाबेसचा रोजचा, आणि महत्त्वाच्या तीन-चार संगणकांची पूर्ण डिस्कची प्रतिमा एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवायची. जोडून ठेवलेली डिस्क आणि शेअर केलेला फोल्डर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, सगळ्यात आधी खातं. अपडेटची भीती मुळात परत जाता येणार नाही याची असते. परतीचा रस्ता एकदा करून बघितला, म्हणजे प्रतिमेवरून एक संगणक खरोखर उभा करून बघितला, की ती भीती निम्मी होते.

आता एक अप्रिय गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे नुसते अपडेट चालू करून भागणार नाही. ते चालू केलेत की जुने साठलेले येतील, २२एच२ वर जाता येईल, पण त्यापुढचे पॅच हवे असतील तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घ्यावी लागेल. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर यंत्रामागे ६१ डॉलर, दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. घरगुती वापरासाठीची स्वस्त योजनाही आहे, पण डोमेनला, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरला, जोडलेल्या संगणकांना ती चालत नाही. हिशोब मांडलात तर इंटेलच्या आठव्या पिढीचे किंवा पुढचे प्रोसेसर असलेले, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असलेले संगणक विंडोज ११ वर न्यायचे आणि त्याहून जुने टप्प्याटप्प्याने बदलायचे, हेच परवडतं. तिसऱ्या वर्षाच्या पैशात प्रत्येक जागी जुना पण विंडोज ११ चालणारा पीसी येईल. आणि तुमच्यातले काही संगणक असेंबल्ड असतील तर त्यांवरची विंडोज अस्सल आहे का तेही बघून घ्या. ॲक्टिव्हेटर मारलेल्या किंवा "हलक्या" केलेल्या विंडोजमध्ये अपडेटची सेवाच कित्येकदा कापून टाकलेली असते. तिथे चालू करायला काही उरलेलंच नसतं.

राहिला ॲनलायझरचा विंडोज ७. त्याचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. कंपनी हात लावू नका म्हणते त्याला कारण आहे. ते मशीन ठरावीक सॉफ्टवेअरसकट तपासून प्रमाणित केलेलं असतं आणि उद्या रिपोर्ट चुकला तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. पॅच लावता येत नसेल तर त्याच्यापर्यंत कुणाला पोचता येणार नाही असं करा. आधी मागे वाकून केबल बघा. ॲनलायझर आणि लॅब सॉफ्टवेअर यांच्यातला निकालांचा प्रवास बऱ्याच ठिकाणी अजून सीरियल केबलवरून, म्हणजे नेटवर्कशिवायच्या थेट जोडणीवरून, होतो. तसं असेल तर त्या पीसीची नेटवर्क केबल मुळात कशाला लागते? बहुतेक वेळा कुणीतरी कधीतरी रिमोट सपोर्टसाठी जोडलेली असते आणि मग विसरलेली असते. काढा. निकाल नेटवर्कवरूनच जात असतील तर त्या पीसीला वेगळा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा, द्या आणि फायरवॉलमध्ये लॅबच्या सर्व्हरचा एक पत्ता आणि एक पोर्ट एवढंच उघडं ठेवा. ४४५ आणि रिमोट डेस्कटॉपचं ३३८९, दोन्ही बंद. या दुसऱ्या पोर्टवरची ब्लूकीप ही त्रुटी मायक्रोसॉफ्टला इतकी गंभीर वाटली की मे २०१९ मध्ये तिने चक्क एक्सपीसाठीही पॅच काढला.

एसएमबी १ सगळ्या संगणकांवरून काढून टाका. हे केल्यावर एक तक्रार हमखास येईल: जुन्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनवरून स्कॅन फोल्डरमध्ये जायचं बंद होईल, कारण जुन्या मशीनना एसएमबी १ च बोलता येतं. मशीनवाला येईल आणि "सेटिंग करून देतो" म्हणून ते सगळीकडे पुन्हा चालू करून जाईल. करू देऊ नका. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, नवं मिळतं का विचारा, नाहीतर स्कॅन मेलवर घ्या.

जुलै २०२४ मध्ये विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले होते, तेही तुमच्या मनात असेल. ते विंडोजच्या पॅचमुळे झालं नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर एकदम सुटली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक कोसळले. तिथे चूक अपडेट घेण्यात नव्हती, सगळीकडे एकाच वेळी सोडण्यात होती. दोन संगणक आधी, बाकीचे नंतर, हा नियम अँटिव्हायरसच्या मोठ्या आवृत्तीबदलालाही लावा.

उद्या काही झालंच तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. तो पत्ता आणि फोन नंबर आत्ताच त्या वहीत लिहून ठेवा. त्या वेळी शोधायला संगणक चालू असेलच असं नाही.

ॲनलायझरच्या कंपनीला फोन करू नका, मेल करा. तीन गोष्टी विचारा: या मॉडेलवर मायक्रोसॉफ्टचे कोणते पॅच तुम्ही तपासलेले आहेत, त्यांत एमएस१७-०१० आणि ब्लूकीपचा आहे का, विंडोज १० किंवा ११ वर चालणारी आवृत्ती कधी आणि किती पैशांत मिळेल, आणि तुमचा इंजिनिअर येतो त्याचा लॅपटॉप कोण तपासतं. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा "हो, हे दोन चालतात, आम्हीच येऊन लावून देतो" असं येतं, फक्त तोवर कुणी विचारलेलं नसतं. उत्तर आलंच नाही तर मेलची प्रत सर्व्हिस कराराच्या फायलीत लावा आणि नूतनीकरणाच्या वेळी सही करण्याआधी ती टेबलावर ठेवा.